निरोगी माणसाने श्वसनमार्गाच्या दाहासाठी ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन रोज घ्यावे का?

पौडरस्ता (धागाकर्ता)

नमस्कार. माझे वय ४६ असून मी पुण्यात राहतो. मला दमा, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब नाही आणि मी कधीही धूम्रपान केलेले नाही. कामानिमित्त रोज दुचाकीवरून शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावे लागते. हिवाळ्यात, विशेषतः जिथे रस्त्यांची खोदकामे चालू असतात अशा भागांतून गेल्यावर, सकाळी घसा खवखवतो, थोडा कोरडा खोकला येतो आणि क्वचित कफही पडतो. छातीच्या एक्स-रेमध्ये काही दोष आढळलेला नाही.

अलीकडे एका सहकाऱ्याने मला एका संशोधनाचा सारांश पाठवला. निरोगी व्यक्तींना आठवडाभर ॲस्पिरिन दिल्यास फुफ्फुसांतील दाह कमी होतो आणि ७५ मिलिग्रॅमची छोटी गोळीही १२०० मिलिग्रॅमच्या मोठ्या मात्रेइतकेच काम करते, असा त्याचा आशय होता. संशोधन बेलफास्ट येथील असून २०१७ मध्ये ‘थोरॅक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेले आहे, म्हणजे ते व्हॉट्सॲपवरचे ऐकीव ज्ञान नाही. हा सारांश वाचून आमच्या कार्यालयातील दोघांनी औषधाच्या दुकानातून इकोस्प्रिन ७५ आणून रोज रात्री जेवणानंतर घेण्यास सुरुवातही केली आहे. ‘हृदयालाही चांगले आणि छातीलाही चांगले’ असा त्यांचा युक्तिवाद आहे.

मला जाणून घ्यायचे आहे ते असे. त्या संशोधनात प्रत्यक्षात काय आढळले होते? ते माझ्यासारख्या, कोणताही निदान झालेला आजार नसलेल्या परंतु धुळीत वावरणाऱ्या माणसाला लागू होते का? आणि मात्रा इतकी कमी असेल, तर गोळी घेऊन पाहण्यात तोटा तो कोणता? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. केवळ ‘डॉक्टरांना विचारा’ एवढेच उत्तर नको, कारण डॉक्टरांना नेमके काय विचारायचे हेच मला समजून घ्यायचे आहे.

छातीतज्ज्ञ_निवृत्त

आपण मूळ संशोधनाविषयी विचारले आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

हे काम क्वीन्स युनिव्हर्सिटी बेलफास्ट येथील गटाचे आहे. त्यांचा मुख्य रस खोकल्यात किंवा शहरी धुळीत नव्हता, तर एआरडीएस या अतिदक्षता विभागातील गंभीर अवस्थेत होता. न्यूमोनिया, रक्तातील जंतुसंसर्ग किंवा मोठी इजा झाल्यानंतर काही रुग्णांची फुफ्फुसे दाहामुळे द्रवाने भरतात आणि त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते, ती ही अवस्था. या दाहात रक्तातील प्लेटलेट सक्रिय भाग घेतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसत होते. प्लेटलेट न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना चिकटतात, त्यांना उद्दीपित करतात आणि फुफ्फुसाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून वायुकोशांकडे जाण्यास मदत करतात. ॲस्पिरिन प्लेटलेटना निष्क्रिय करते, तेव्हा ते हा दाहही रोखेल का, असा प्रश्न होता.

त्यासाठी ३३ निरोगी स्वयंसेवक निवडण्यात आले आणि चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक पद्धतीने त्यांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला प्लासिबो (औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी), दुसऱ्याला ७५ मिलिग्रॅम आणि तिसऱ्याला १२०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन सात दिवस देण्यात आले. कोणाला काय मिळते आहे हे स्वयंसेवकांनाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यांनाही. त्यानंतर प्रत्येकाला ५० मायक्रोग्रॅम लायपोपॉलिसॅकराइड श्वासावाटे देण्यात आले. हा काही जीवाणूंच्या बाह्य आवरणाचा घटक आहे. त्यात जिवंत जंतू नसतो, त्यामुळे संसर्ग होत नाही, परंतु शरीर मात्र संसर्ग झाल्याच्या समजुतीने फुफ्फुसांकडे न्यूट्रोफिल धाडते. सहा तासांनी ब्रॉन्कोस्कोपी करून, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, फुफ्फुसाच्या एका भागात सलाइन सोडण्यात आले, ते परत ओढून घेण्यात आले आणि त्या द्रवातील पेशी व रसायने मोजण्यात आली.

आता निष्कर्षांकडे येतो. ॲस्पिरिन घेतलेल्यांच्या फुफ्फुसद्रवात न्यूट्रोफिल कमी आढळले. ऊतींची झीज करणारी एमएमपी-८ आणि एमएमपी-९ ही विकरे कमी आढळली, टीएनएफ-अल्फा हे दाहजनक प्रथिनही कमी आढळले, आणि प्लेटलेटच्या सक्रियतेचा निदर्शक असलेले थ्रॉम्बोक्झेन रक्तात व फुफ्फुसात दोन्हीकडे घटले. कमी आणि जास्त मात्रेत फरक दिसला नाही. आपल्या सहकाऱ्याच्या सारांशातील ही बाजू खरी आहे. मात्र संशोधकांनी प्रयोगाआधीच जो प्रमुख निकष ठरवला होता, म्हणजे फुफ्फुसद्रवातील इंटरल्यूकिन-८ हे प्रथिन कमी होणे, तो निकष साध्य झाला नाही. हे त्यांनी शोधनिबंधात स्पष्ट नोंदवले आहे. फिरत्या सारांशांतून तेवढेच वाक्य गळते.

छोटी मात्रा मोठ्या मात्रेच्या बरोबरीने का चालली, याचे कारण औषधाच्या कार्यपद्धतीत आहे. ॲस्पिरिन प्लेटलेटमधील कॉक्स-१ या विकराला कायमचे निकामी करते. प्लेटलेटला केंद्रक नसल्यामुळे तिला नवे विकर तयार करता येत नाही, आणि ती तिच्या उरलेल्या आयुष्यभर, म्हणजे साधारण सात ते दहा दिवस, तशीच राहते. त्यामुळे ७५ मिलिग्रॅमची रोजची गोळीही काही दिवसांत प्लेटलेटची थ्रॉम्बोक्झेन बनवण्याची क्षमता जवळजवळ संपूर्ण दाबून टाकते आणि १२०० मिलिग्रॅम घेऊन त्यात फारशी भर पडत नाही. दोन्ही मात्रांचा परिणाम सारखा दिसावा, हे प्लेटलेटच्या मार्गानेच दाह घटला असावा या कल्पनेशी सुसंगत आहे. प्रोस्टाग्लँडिन या दाहाशी संबंधित रसायनांच्या तयार होण्याच्या प्रक्रियेला ॲस्पिरिन अडवते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले होते आणि त्या संशोधनासाठी १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. ॲस्पिरिनमुळे लिपॉक्सिनसारखी, दाह शमवणारी रेणुद्रव्येही तयार होतात, हे पुढे १९९० च्या दशकात समजले. तेव्हा या औषधाचा दाहावर परिणाम होणे यात आश्चर्य काहीच नाही.

परंतु आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथेच दडलेले आहे. निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसद्रवात बहुतांश पेशी मॅक्रोफेज (फुफ्फुसाची साफसफाई करणाऱ्या पेशी) असतात आणि न्यूट्रोफिल साधारणतः तीन टक्क्यांपर्यंतच असतात. त्या प्रयोगात जो दाह कमी झाला, तो काही तासांपूर्वी मुद्दाम निर्माण केलेला होता. दाह निर्माण न करता निरोगी माणसाला नुसतेच ॲस्पिरिन दिले आणि त्याची फुफ्फुसे अधिक चांगली झाली, असे त्या संशोधनाने दाखवलेले नाही, तसा त्याचा दावाही नाही. शिवाय तेथे मोजमाप झाले ते फुफ्फुसाच्या खोल भागातून, वायुकोशांच्या जवळून आलेल्या द्रवाचे. सकाळची घशाची खवखव आणि धुळीनंतरचा खोकला यांचा उगम बहुधा नाक, घसा आणि मोठ्या श्वासनलिका यांत असतो, आणि त्या ठिकाणी कार्यरत असणारी यंत्रणा बरीच वेगळी असते.

संख्यावाचक

मी वैद्यकीय क्षेत्रातील नाही, चिकित्सालयीन चाचण्यांच्या आकडेवारीचे काम करतो, म्हणून केवळ त्या अंगाने लिहितो.

३३ जणांचे तीन गट म्हणजे प्रत्येक गटात साधारण अकरा माणसे. विश्लेषण करताना ७५ आणि १२०० मिलिग्रॅमचे गट एकत्र करून त्यांची प्लासिबोशी तुलना करण्यात आली. त्यामुळे ‘दोन्ही मात्रा सारख्याच परिणामकारक’ हे विधान अकरा-अकरा माणसांच्या तुलनेवर उभे आहे, आणि एवढ्या लहान गटांत फरक न आढळणे म्हणजे फरक नसल्याचे सिद्ध होणे नव्हे. प्रमुख निकष साध्य न होता दुय्यम निकषांपैकी काही साध्य झाले, तर त्यांच्याकडे पुढील चाचणीसाठीची सूचना म्हणून पाहावे असा आमच्या क्षेत्रातील संकेत आहे. अनेक गोष्टी मोजल्या की त्यांतील एखाददुसरी योगायोगानेही अनुकूल निघते.

याच बेलफास्ट गटाचा याआधीचा अनुभव येथे फार बोलका आहे. २००९ मध्ये त्यांनी अगदी याच पद्धतीने, म्हणजे ३० निरोगी स्वयंसेवकांना लायपोपॉलिसॅकराइड देऊन, सिम्व्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलवरील औषधाची परीक्षा घेतली होती. तेव्हाही न्यूट्रोफिलची सक्रियता घटली, टीएनएफ-अल्फा घटले, ऊतींची झीज करणारी विकरे घटली. निष्कर्ष आताच्या निष्कर्षांशी जवळजवळ समांतर होते. त्या आधारावर ब्रिटन व आयर्लंडमध्ये एआरडीएसच्या ५४० रुग्णांवर मोठी चाचणी झाली आणि २०१४ मध्ये तिचे निकाल आले. सिम्व्हास्टॅटिन घेतलेल्यांचे व्हेंटिलेटरविना दिवस सरासरी १२.६ आणि प्लासिबोवाल्यांचे ११.५ होते, हा फरक सांख्यिकीय दृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता.

ॲस्पिरिनच्या बाबतीत तर मोठी चाचणी आधीच होऊन गेली होती. अमेरिकेतील रुग्णालयांत, एआरडीएस होण्याचा धोका असलेल्या ३९० रुग्णांना पहिल्या दिवशी ३२५ मिलिग्रॅम आणि पुढे रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा प्लासिबो देण्यात आले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांनुसार ॲस्पिरिन गटात १०.३ टक्के आणि प्लासिबो गटात ८.७ टक्के रुग्णांना एआरडीएस झाला. करोनाच्या साथीत ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत १४,८९२ रुग्णांचा समावेश होता आणि ॲस्पिरिनची मात्रा रोज १५० मिलिग्रॅम होती. २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण दोन्ही गटांत १७ टक्के राहिले, आणि गंभीर रक्तस्राव मात्र १.० वरून १.६ टक्क्यांवर गेला.

शितावरून भाताची परीक्षा जरूर करावी, पण ते शीत त्याच भातातले असावे लागते. निरोगी माणसाच्या फुफ्फुसात सहा तासांसाठी उत्पन्न केलेला दाह, रुग्णाचा आजार आणि धागाकर्त्याचा धुळीचा खोकला या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मते अशा ३३ जणांच्या प्रयोगाला सर्वसामान्यांच्या चर्चेत काहीच स्थान नसावे.

छातीतज्ज्ञ_निवृत्त

संख्यावाचक यांनी दिलेले आकडे बरोबर आहेत, परंतु त्यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. निरोगी स्वयंसेवकांवरील असे प्रयोग उपचार ठरवण्यासाठी नसतातच. एखादे औषध मानवी फुफ्फुसात अपेक्षित ठिकाणी पोहोचते का आणि अपेक्षित यंत्रणेला स्पर्श करते का, एवढेच त्यांतून कळते, आणि ते कळणेही थोडे नाही. उंदरात चालणारी किती तरी औषधे या पायरीवरच बाद होतात. अमेरिकेतील चाचणीत रुग्ण रुग्णालयात आल्यानंतर औषध सुरू झाले, तर बेलफास्टमध्ये ते दाहापूर्वी सात दिवस आधीपासून दिले होते, हा फरकही विसरता येणार नाही. सिम्व्हास्टॅटिनच्या त्या ५४० रुग्णांच्या आकडेवारीचे २०१८ मध्ये पुन्हा विश्लेषण झाले तेव्हा, ज्यांच्या शरीरात दाहाची तीव्रता अधिक होती अशा उपगटात औषधाचा लाभ दिसल्याची नोंद आहे. मागाहून केलेल्या विश्लेषणाच्या मर्यादा आपल्याला मी सांगायला नको. तरीही, प्रयोगशाळेतील निष्कर्ष आणि रुग्णालयातील अपयश यांमध्ये ‘योग्य रुग्ण कोणता’ हा प्रश्न अजून शिल्लक आहे, एवढे म्हणण्यास जागा आहे.

धागाकर्त्याला मात्र यातून अनुकूल असे काही हाती लागत नाही, हे खरेच.

म्हापसेकर

माझे गोव्यात औषधांचे दुकान आहे आणि मी नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. ‘तोटा तो कोणता’ या प्रश्नाविषयी मला दोन-तीन गोष्टी आवर्जून सांगायच्या आहेत, कारण काउंटरपलीकडून हाच प्रश्न मला वारंवार विचारला जातो.

पहिली गोष्ट थेट श्वसनमार्गाशीच संबंधित आहे. श्वासनलिकांचा दाह कमी व्हावा म्हणून जे औषध आपण घेऊ पाहता, त्याच औषधाने काही लोकांना दम्याचा तीव्र झटका येतो. दमा, नाकातील पॉलिप (मांसल वाढ) आणि ॲस्पिरिन न सोसणे या तिन्ही गोष्टी एकत्र आढळू शकतात, हे फ्रान्समध्ये विडाल यांनी १९२२ मध्येच नोंदवले होते आणि १९६८ मध्ये अमेरिकेतील सॅम्टर व बीअर्स यांच्या लेखानंतर ते सर्वत्र परिचित झाले. दमा असलेल्या प्रौढांपैकी सुमारे सात टक्क्यांना हा त्रास असतो आणि तीव्र दमा असलेल्यांत त्याचे प्रमाण आणखी जास्त असते. कारण असे की कॉक्स-१ बंद पडले की दाहाला आवर घालणारे प्रोस्टाग्लँडिन ई-२ कमी होते आणि श्वासनलिका आकुंचित करणाऱ्या ल्युकोट्राइनांना मोकळे रान मिळते. गोळी घेतल्यावर साधारण अर्ध्या ते तीन तासांत नाक चोंदते, डोळे लाल होतात आणि छाती आवळल्यासारखी वाटते.

हा आजार बहुधा तिशी-चाळिशीत सुरू होतो. त्याआधी त्या व्यक्तीने ॲस्पिरिन निर्धोकपणे घेतलेले असू शकते, त्यामुळे ‘मी पूर्वी घेतले आहे, मला चालते’ हे आश्वासन पुरेसे नाही. ज्यांचे नाक सतत बंद असते, ज्यांचा वास घेण्याचा गुण कमी झाला आहे, ज्यांना पॉलिपची शस्त्रक्रिया करावी लागली आहे किंवा ज्यांना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी कधी दम लागला आहे, त्यांनी ॲस्पिरिन स्वतःहून मुळीच घेऊ नये. आता यातील विलक्षण भाग असा की अशाच रुग्णांना विशेषज्ञ देखरेखीखाली हळूहळू मात्रा वाढवत ॲस्पिरिनची सवय लावतात आणि नंतर ते मोठ्या मात्रेत उपचार म्हणून चालू ठेवतात. त्याने पॉलिप पुन्हा वाढण्याचे प्रमाण घटते. पण ते रुग्णालयात, आणीबाणीची सर्व तयारी ठेवून करायचे काम आहे.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या पावसाळ्याची. ताप आला, तो डेंग्यू निघाला आणि अंगात रोजचे ॲस्पिरिन असले, तर प्लेटलेट संख्येने घटलेल्या असतात आणि उरलेल्या निकामी असतात. म्हणूनच डेंग्यूचा संशय असताना ॲस्पिरिन व आयबुप्रोफेन टाळण्यास सांगितले जाते आणि तापासाठी पॅरासिटामॉल दिले जाते. गोळी त्या दिवशी बंद केली तरी परिणाम लगेच जात नाही, कारण वर डॉक्टरांनी लिहिल्याप्रमाणे नव्या प्लेटलेट तयार व्हाव्या लागतात. हृदयरोगासाठी ज्यांना ॲस्पिरिन दिलेले आहे, त्यांच्याबाबतचा निर्णय अर्थातच त्यांच्या डॉक्टरांचा.

आणखी एक. ७५ मिलिग्रॅमच्या गोळीवर आतड्यात विरघळणारे आवरण असते, म्हणून ती पोटाला निर्धोक आहे, असा समज आहे. त्या आवरणाने जळजळ कदाचित कमी होईल, पण जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका त्यामुळे टळत नाही. तो धोका केवळ गोळी जठराच्या अस्तराला लागल्यामुळे नसून रक्तात गेलेल्या औषधामुळेही असतो.

पौडरस्ता (धागाकर्ता)

तिघांचेही आभार. माझे नाक हिवाळ्यात बऱ्याचदा बंद असते, हे मी पहिल्या वेळी लिहिले नव्हते. म्हापसेकरांचा प्रतिसाद वाचून ते सांगणे आवश्यक वाटले.

दोन शंका उरल्या आहेत. माझ्या सहकाऱ्याला हा धागा दाखवला असता त्याने आणखी दोन गोष्टी पुढे केल्या. ॲस्पिरिन घेणाऱ्या निरोगी लोकांना पुढे दमा कमी होतो, असे अमेरिकेतील डॉक्टरांवरच केलेल्या एका मोठ्या चाचणीत दिसले होते, आणि प्रदूषणाचा फुफ्फुसांवरील परिणाम ॲस्पिरिनमुळे अर्धा होतो, असे बोस्टनच्या एका अभ्यासात आढळले होते, असे तो म्हणतो. हे खरे आहे का? आणि दुसरे, माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. स्टेंट बसवल्यापासून ते हीच गोळी घेतात. हा धागा वाचून त्यांनीही ‘मग मी बंद करू का’ असे विचारले आहे.

छातीतज्ज्ञ_निवृत्त

वडिलांचे आधी. त्यांनी गोळी बंद करू नये. स्टेंट असलेल्या किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसात ॲस्पिरिनचा लाभ भक्कमपणे सिद्ध झालेला आहे आणि ते स्वतःहून थांबवल्यास स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका असतो. दात काढायचा असला तरी आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. या धाग्यातील चर्चा असा कोणताही आजार नसलेल्या माणसापुरती आहे.

आता सहकाऱ्याच्या दोन मुद्द्यांविषयी. दोन्ही अभ्यास खरे आहेत.

अमेरिकेतील २२,०७१ पुरुष डॉक्टरांना १९८२ पासून एक दिवसाआड ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा प्लासिबो देण्यात आले. हृदयविकाराचे झटके लक्षणीय प्रमाणात घटल्याने ॲस्पिरिनची चाचणी १९८८ मध्ये मुदतीपूर्वी थांबवण्यात आली. त्या आकडेवारीकडे अनेक वर्षांनी पुन्हा पाहिले असता, ॲस्पिरिन गटात ११३ जणांना आणि प्लासिबो गटात १४५ जणांना नव्याने दमा झाल्याचे दिसले. म्हणजे २२ टक्क्यांची घट. हा आकडा मोठा वाटतो, पण प्रत्येक गटात अकरा हजार माणसे होती हे लक्षात घेतल्यास, सुमारे पाच वर्षांत हजारामागे तीन माणसांचा फरक पडला, असे त्याचे रूप आहे. स्त्रियांवरील तशाच मोठ्या चाचणीत एक दिवसाआड १०० मिलिग्रॅम दिले गेले. दहा वर्षांत ॲस्पिरिन गटात ८७२ आणि प्लासिबो गटात ९६३ नवे दमा रुग्ण आढळले, म्हणजे दहा टक्के घट, आणि लठ्ठ स्त्रियांत ती दिसली नाही. त्याच चाचणीत, रक्त चढवावे लागेल इतका पोटातील रक्तस्राव होण्याचे प्रमाण ॲस्पिरिन गटात ४० टक्क्यांनी अधिक होते. दोन्ही ठिकाणी दमा हा मुख्य निकष नव्हता, निदान सहभागींनी स्वतः कळवलेले होते, आणि ॲस्पिरिन न सोसणाऱ्यांना मुळात प्रवेशच नव्हता. या कारणांमुळे दमा टाळण्यासाठी ॲस्पिरिन देण्याची शिफारस कोणत्याही मार्गदर्शक तत्त्वांत आलेली नाही.

बोस्टनचा अभ्यास याहून सैल पायावर आहे. तेथील २,२८० माजी सैनिकांच्या फुफ्फुसचाचण्यांची सांगड आधीच्या दिवसांतील सूक्ष्म धूलिकणांच्या मोजमापांशी घालण्यात आली, आणि ॲस्पिरिन किंवा तत्सम दाहविरोधी औषधे घेणाऱ्यांत धूलिकणांचा अल्पकालीन दुष्परिणाम जवळजवळ निम्मा दिसला. परंतु कोणी औषध घ्यायचे हे तेथे संशोधकांनी ठरवलेले नव्हते. जो औषध घेतो तो इतर बाबतींतही वेगळा असू शकतो. सहभागी सर्व पुरुष होते, सरासरी वय सत्तरीच्या पुढे होते, आणि बोस्टनच्या हवेतील धूलिकणांचे प्रमाण आपल्या शहरांच्या मानाने बरेच कमी असते. या अभ्यासावरून रीतसर चाचणी करावी असे मला वाटेल. त्यावरून गोळी लिहून द्यावी असे वाटणार नाही.

तोट्याच्या बाजूला मात्र रीतसर चाचण्यांचा पुरावा आहे. ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतील १९,११४ निरोगी वृद्धांना रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा प्लासिबो देऊन पाहण्यात आले. २०१८ मध्ये आलेल्या निकालांनुसार गंभीर रक्तस्राव दर हजार व्यक्तींमागे वर्षाला ६.२ वरून ८.६ वर गेला आणि हृदयविकारात अर्थपूर्ण घट दिसली नाही. आपले वय ४६ आहे, त्यामुळे आपला धोका याहून कमी असेल. पण आपल्याला अपेक्षित असलेला लाभ तर मोजताच आलेला नाही. ‘हृदयालाही चांगले’ हे वाक्य आपल्या सहकाऱ्यांनी त्यांच्या हृदयाच्या धोक्याची तपासणी करून घेतल्यावर, डॉक्टरांशी बोलून मगच म्हणावे.

आपण डॉक्टरांना काय विचारावे असे पहिल्यांदा लिहिले होते. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला असेल तर थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी आपल्या देशात एक्स-रे निर्दोष असला तरी विचारून घ्यावी. त्यानंतर स्पायरोमेट्री (फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी), आणि तीही श्वासनलिका रुंदावणारे औषध देण्यापूर्वी व नंतर अशी दोनदा. केवळ खोकल्याच्या रूपात प्रकट होणारा दमा त्यातून किंवा पुढील चाचण्यांतून सापडू शकतो. नाक बंद राहते म्हणता, म्हणून नाकाची तपासणी मी सर्वांत वर ठेवीन. ॲलर्जीमुळे नाकातील स्राव घशात उतरत राहिल्याने सकाळचा खोकला होणे हे अतिशय नेहमीचे आहे आणि त्यावर नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा बऱ्याचदा पुरेसा ठरतो. पॉलिप असल्यास ते कळेल, आणि मग म्हापसेकरांनी लिहिलेले आपल्याला अधिकच लागू होईल. आम्लपित्ताचाही विचार करावा. त्यामुळे खोकला असेल तर ॲस्पिरिनने तो वाढण्याचीच शक्यता अधिक. दुचाकीवर चेहऱ्याला नीट बसणारा एन-९५ मुखपट्टा वापरावा. रुमाल बांधून सूक्ष्म कण अडत नाहीत.

संख्यावाचक

डॉक्टरांचा माझ्यावरील आक्षेप मान्य करण्याजोगा आहे. ‘काहीच स्थान नसावे’ याऐवजी ‘उपचाराच्या निर्णयात स्थान नसावे’ असे म्हणतो. बोस्टनच्या अभ्यासाविषयी एक भर घालतो. त्यात परिणाम निम्मा झाला तो धूलिकणांमुळे फुफ्फुसक्षमतेत पडणाऱ्या अल्पकालीन फरकाचा, फुफ्फुसाच्या कायमस्वरूपी हानीचा नव्हे. ‘प्रदूषणाचा परिणाम अर्धा होतो’ या वाक्यात हा भेद राहत नाही.

पौडरस्ता (धागाकर्ता)

वडिलांना गोळी चालू ठेवण्यास सांगितले आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञांची वेळ घेतली असून स्पायरोमेट्रीही त्याच आठवड्यात करून घेणार आहे. कार्यालयातील दोघांपैकी एकाला लहानपणी दमा होता असे आता चौकशीत निघाले. त्याने गोळी तूर्त थांबवली आहे आणि तो त्याच्या डॉक्टरांकडे जाणार आहे. दुसऱ्याचे म्हणणे अजून तेच आहे. स्पायरोमेट्रीचा अहवाल आल्यावर येथे लिहीन.